संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी : घ्यावी का, आणि कोठे?

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे निकाल लागले की ग्रामीण भागातील शिक्षकांकडे आणि परिचित अधिकाऱ्यांकडे पालक एक प्रश्न घेऊन येऊ लागतात : मुलाने वा मुलीने संगणकशास्त्रात पुढे शिकावे, की मिळेल ती नोकरी धरावी? प्रश्न शिक्षणाचा असला तरी त्याचे उत्तर पुष्कळदा घराच्या उताऱ्यावर आणि बँकेच्या बोजावर जाऊन ठरते. त्यामुळे सल्ला देणाऱ्याने या दोन्ही बाजू जाणून घेणे अगत्याचे आहे.

संगणक आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायाला पदव्युत्तर पदवीची अट नाही. वकिलीला वा वैद्यकीला जशी सनद लागते तशी येथे लागत नाही. ज्याला चार वर्षांच्या पदवीनंतर बऱ्यापैकी नोकरी मिळत आहे, त्याने केवळ 'आणखी एक पदवी असावी' म्हणून दोन वर्षांचा पगार सोडणे फारसे शहाणपणाचे नाही. मात्र काही विद्यार्थ्यांचा मार्ग याच पदवीतून जातो. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.ई. किंवा एम.टेक. आवश्यक असते. संशोधनाची ओढ असलेला, यंत्रशिक्षण किंवा संगणक प्रणालींची रचना यांसारख्या विषयात खोलवर जाऊ इच्छिणारा, किंवा मूळची शाखा स्थापत्य वा यंत्र अभियांत्रिकी असून विषय बदलू पाहणारा, अशांनाही ती खरोखर उपयोगी पडते. विषयांतर म्हणून सांगावयाचे तर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाच्या उभारणीचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितातील होती. गणित उत्तम असलेल्या बी.एस्सी. विद्यार्थ्याने या विषयाकडे परकेपणाने पाहू नये. चेन्नई गणितीय संस्थेचा संगणकशास्त्रातील एम.एस्सी. अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्यांसाठी विचारात घेण्याजोगा आहे.

देशात शिकावयाचे तर 'गेट' ही परीक्षा महत्त्वाची. तिचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य असते. त्याच्या आधारे एम.टेक.ला पूर्णवेळ प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मुंबई, कानपूर वा चेन्नईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळत असेल तर आर्थिकदृष्ट्या हा मार्ग सर्वांत हलका आहे, आणि नोकरीच्या संधीही चांगल्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा एम.टेक. अभ्यासक्रमही तोलामोलाचा आहे. आपल्याकडे त्याची वास्तपुस्त फारशी होत नाही, ही खेदाची बाब. बी.सी.ए. झालेल्यांसाठी एम.सी.ए. हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. परंतु ज्या महाविद्यालयात प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत आणि प्रयोगशाळा कुलूपबंद असते, तेथील एम.ई. भरमसाट शुल्क देऊन घेण्यापेक्षा नोकरी करीत गेटची तयारी करणे बरे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. प्रवेशापूर्वी संस्थेची इमारत पाहू नये. तेथे शिकविणारे कोण आहेत आणि मागील दोन वर्षांचे विद्यार्थी आज काय करीत आहेत, हे विचारावे.

परदेशाचा हिशेब निराळा आहे. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीचा खर्च बहुधा विद्यार्थीच सोसतो. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास मात्र सामान्यतः शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते. चार वर्षांची पदवी असलेला विद्यार्थी अनेक विद्यापीठांत डॉक्टरेटसाठी थेट अर्ज करू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिक्षणानंतर तेथे १२ महिने आणि तंत्रशाखांसाठी आणखी २४ महिने काम करण्याची सोय आहे. त्यापुढील एच-१बी परवान्यांना मात्र वार्षिक ६५,००० आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असल्याने तो मिळेलच असे नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून दर सत्रास १,५०० युरो घेतात. राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत अडकवून ठेवावी लागते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरीसाठी जर्मन भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नसते.

आता कर्जाचा आकडा पाहू. २५ लाख रुपये ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ३४,४०० रुपये येतो. शिवाय शिक्षणकाळातही व्याज चढतच असते. परतून भारतातच नोकरी करावी लागली तर हा हप्ता आपल्याच्याने पेलवेल काय, हा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारावा. साधारणतः साडेसात लाखांपुढील कर्जास बँका तारण मागतात. २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीस लागू नसल्याने अनेक बँका शेती तारण घेण्यास नाखूश असतात. मग राहते घर पुढे येते, नाहीतर जमीन विकण्याची बोलणी सुरू होतात. अशा वेळी घरच्यांनी घाई करू नये. देशातील निवडक दर्जेदार संस्थांसाठी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारणाविना कर्ज मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात आणि अर्जाची मुदत शाळा-महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागली पाहिजे.

वेळेचे भानही हवे. गेटचे अर्ज परीक्षेच्या कित्येक महिने आधी, पावसाळ्याच्या अखेरीस भरावे लागतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. अमेरिकेतील बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. निकालानंतर विचार सुरू केला तर एक वर्ष वाया जाते. तिसरे वर्ष संपत असतानाच घरात ही चर्चा व्हावी. गावठाणातील घर तारण ठेवावयाचे झाल्यास ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा असून मालकीचा पुरावा नव्हे, अशी हरकत बँक घेते. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत मिळणारी मिळकत पत्रिका घरच्यांच्या नावे बिनचूक झाली आहे की नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांना त्याच सुमारास पाहून देता येईल.