भरतकामाचा पहिला धडा : जाणारा दोरा व येणारा दोरा

आमच्या खेडेगावांतील पुष्कळ मुली भरतकाम शिकावयास हौसेने बसतात, आणि महिना दोन महिने होतात न होतात तोच त्यांचे कापड पेटीच्या तळाशी जाते. कारण विचारले असता बहुतेकजणी एकच उत्तर देतात : "आमच्या हातात कला नाही." हे उत्तर आम्हांस मान्य नाही. त्यांचे कापड काढून पाहावे तर बहुधा त्यावर बाजारातून छापून आणलेला गुलाब असतो, त्याच्या दोन पाकळ्या भरलेल्या असतात, आणि भोवतालचे कापड आक्रसून त्यास चुण्या पडलेल्या असतात. पाकळी भरावयाची म्हणजे टाका किती लांब घ्यावा, कोणत्या दिशेस वळवावा व दोरा किती ओढावा, या तिन्ही गोष्टी हातानेच ठरवाव्या लागतात. कापड काहीच सांगत नाही. ज्या कामात जुन्या हातांचीही परीक्षा होते, ते नवशिकीच्या पुढे प्रथम ठेवले, तर ती हताश होईल यात नवल कसले? दोष तिच्या बोटांचा नव्हे, आरंभ कोठून केला त्याचा आहे.

मग आरंभ कोठून करावा? जिने आईशेजारी बसून वाकळ अथवा गोधडी शिवली आहे, तिला भरतकामाचा पहिला टाका येतच आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून त्यांवरून जो धावदोरा घालतात, तोच हा टाका. बंगालातील बाया याच धावदोऱ्याने जुन्या साड्यांवर कांथा भरीत आल्या आहेत. पूर्वी त्यास लागणारे रंगीत सूतही त्या साड्यांच्या काठांतून उसवून घेत. तेव्हा धावदोरा म्हणजे केवळ कच्ची शिवण, ती भरतकामात धरू नये, असे जे कित्येक समजतात ते बरोबर नाही.

धावदोऱ्याची पुढली पायरी पाहावयाची तर फार दूर जावयास नको. आपल्याकडील बाया जे इरकली लुगडे नेसतात, ते बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावाच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यावर धारवाडकडील बाया जो कशिदा भरतात त्यास कसुती म्हणतात. हत्ती, मोर, रथ, पालखी अशा आकृती तीत असतात. पण कापडावर आधी काही छापीत नाहीत, की पेन्सिलीने रेखीत नाहीत; सुते मोजावयाची व टाका घालावयाचा. कसुतीचे टाके चार : गवंती, मुरगी, नेगी व मेंथी. गवंतीची रेघ सरळ जाते व मुरगीची पायऱ्यापायऱ्यांनी चढते, परंतु मूळ दोहोंचे एकच. दोरा धावदोऱ्याने पुढे जातो आणि त्याच वाटेने परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरीत येतो. त्यामुळे कापड उलटून पाहिले तरी सुलट बाजूसारखीच रेघ दिसते. नवशिकीने प्रथम शिकावयाचे ते हेच, असे आमचे मत आहे. छापील गुलाब वर्षभर थांबला तरी चालेल.

यासाठी साहित्य थोडेच लागते. कापड दुसुती घ्यावे. त्यात दोन दोन सुतांची वीण असल्याने बारीक चौकडे उघड दिसतात, आणि सुई कोठे घालावी हे कापडच सांगते. एक वीत रुंद व हातभर लांब तुकडा पुरे. तो आधी पाण्यात भिजवून वाळवावा, म्हणजे जे आक्रसावयाचे ते काम करण्यापूर्वीच आक्रसेल. मोजून भरण्याच्या कामास बोथट टोकाची सुई बरी. ती दोन सुतांमधून वाट काढते, सूत चिरीत नाही. सुयांचा अंक जसा वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात विसरू नये. दोरा सहा पदरी मिळतो. त्यातून एक एक पदर सुटा ओढून काढावा व मग दोन पदर जुळवून सुईत ओवावे. दोन्ही एकदम ओढल्यास गुंता ठरलेला. दोऱ्याची लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे १८ इंच असावी. वारंवार ओवण्याचा कंटाळा म्हणून पुष्कळजणी दोन हात लांब दोरा घेतात. पण प्रत्येक टाक्यास तो सगळा दोरा कापडातून ओढला जातो, आणि शेवटचा भाग लागण्यापूर्वीच त्याचे तंतू फुटून तो केसाळ होतो. लाल व काळ्या दोऱ्याचा रंग जातो की नाही, हे ओल्या पांढऱ्या चिंधीत दोरा दाबून आधीच पाहावे. लाकडी रिंग या कामास लागत नाही.

आता धडा. दोऱ्यास गाठ मारू नये. चार बोटे शेपूट उलट बाजूस मोकळे सोडावे. काम झाल्यावर ते टाक्यांखालून ओवून टाकता येते. दोन चौकड्यांचा एक टाका धरावा. दोन चौकडे वरून, दोन चौकडे खालून, असे वीस टाक्यांच्या अंतरापर्यंत जावे. वर दहा टाके दिसतील व मध्ये दहा जागा रिकाम्या राहतील. आता तेथूनच वळून त्याच छिद्रांतून मागे यावे, म्हणजे त्या दहा जागा भरतील. परतताना आधीच्या टाक्याच्या दोऱ्यात सुई घुसू देऊ नये. आणि सुई वर येताना नेहमी जुन्या दोऱ्याच्या एकाच अंगाने काढावी व खाली जाताना दुसऱ्या अंगाने घालावी. एकदा इकडून, एकदा तिकडून असे केले की रेघ सापासारखी दिसते. दोरा कापडावर नुसता टेकावा, आवळू नये. कापडावर बोट फिरवून पाहावे. उंचवटा लागला तर दोरा जास्त ओढला गेला आहे.

अशा पाच-सहा रेघा दोन्ही बाजूंनी सारख्या आल्यावर फांदी घ्यावी. येथे मुली अडतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सरळ रेघेत मध्येच तीन टाक्यांची फांदी वर न्यावयाची आहे असे समजा. जाताना फांदीच्या बुडाशी पोहोचलात की मुख्य वाट तेथेच सोडावी. फांदीवर वर, खाली, वर असे तीन टाके चढावे, टोकावरून वळून खाली, वर, खाली असे तीन टाके उतरावे. फांदी दोन्ही बाजूंनी पुरी झाली, आणि आपण पुन्हा बुडाशी आलो. मग मुख्य वाट जेथे सोडली तेथून पुढे धरावी. प्रत्येक टप्प्यावरून दोरा दोनदाच जातो, एकदा वरून व एकदा खालून. एवढे ज्या मुलीस उमगले तिला झाड काय अन् रथ काय, कोणतीही आकृती भरता येईल. चौकोनाभोवती फिरून आरंभाच्या जागी आल्यावर मात्र सरळ पुढे दुसरी फेरी घालू नये. बाजूंचे टाके सम असतील तर टाक्यावर टाका पडून रिकाम्या जागा तशाच राहतील. जेथून आलात त्याच वाटेने उलट जावे.

शिकविणाऱ्या बाईंनी कापड हाती घेताच प्रथम ते उलटून पाहावे, आणि जेथे लांब दोरा एका आकृतीवरून दुसरीकडे उडी मारून गेला असेल तेथे बोट ठेवावे. असे दोरे वापरताना बांगडीत, नखात अडकतात व सगळी रेघ ओढून नेतात. मोजणीत एका चौकड्याची चूक झाली तर ती लगेच दिसत नाही. आकृतीची दोन टोके जुळावयाची वेळ आली की ती उघडी पडते. म्हणून दर पाच टाक्यांनी मोजून पाहावे. उसवणे आल्यास दोरा ओढून काढू नये, उलट बाजूने कात्रीच्या टोकाने तोडून तुकडे वेचावे. परंतु प्रत्येक वाकड्या टाक्यासाठी मुलीस उसवावयास लावणाऱ्या बाईंविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. पहिल्या तुकड्यावर चुका राहू द्याव्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक नावाच्या इंग्रज स्त्रीने भरलेला नमुन्याचा तुकडा आहे, त्यावर १५९८ हे साल भरलेले आहे. छापील नमुन्यांची पुस्तके जेव्हा सर्वांच्या हाती नव्हती, तेव्हा असे तुकडेच स्त्रियांचे पुस्तक होते. नवा टाका दिसला की त्यावर घालून ठेवावयाचा. आमच्या मुलींनीही आपला पहिला तुकडा तसाच जपावा व त्याच्या कोपऱ्यात साल भरावे.

भरतकाम हे बायकांचेच काम असे म्हणून जे बंधू हे पान उलटून पुढे जातील, त्यांस एवढेच कळवितो की काश्मिरात शालींवर सोझनीचे अतिबारीक काम पुष्कळ पुरुषच करीत आले आहेत.

परतीचा दोरा हातात बसला की फुलीचा टाका जड जात नाही. त्यात एकच नियम : वरचा तिरपा टाका सगळ्या फुल्यांत एकाच दिशेचा असावा. त्यानंतर साध्या मांजरपाटावर साखळी व देठाचा टाका घ्यावा. तेथे चौकडे नसतात, पण सारखे अंतर डोळ्यांत व ताण बोटांत बसलेला असतो.

रोज अर्धा तास, उजेड असेपर्यंत, दाराशी बसून करावे. उजव्या हाताने काम करणारीने डाव्या अंगाने उजेड घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. आठवड्यातून एकदा दिवसभर बसण्याने मान मात्र दुखते. बसण्यापूर्वी हात धुवावे. उठताना सुया मोजून गादीस टोचाव्या, विशेषतः रांगते मूल घरात असता. तुकडा मळल्यास साबणाच्या कोमट पाण्यात न चोळता दाबून धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा, आणि इस्त्री करावयाची ती जाड पंचाच्या घडीवर भरलेली बाजू खाली घालून करावी, म्हणजे टाके चेपले जात नाहीत.