भाकरी कोणत्या रीतीनें द्यावी?

शास्त्रवाचन: प्रेषितांचीं कृत्यें ६:१-७, याकोब २:१४-१७.

दरिद्री कुटुंबांस साहाय्य करावें कीं न करावें, हा प्रश्न याकोबानें निकालांत काढिला आहे. आजचा पाठ साहाय्याच्या रीतीविषयीं आहे. रीत चुकली म्हणजे दिलेली भाकरीही घेणाऱ्याच्या घशांत अडकते, हें आपण खेडोपाडीं पाहतोंच.

१. यरुशलेमेंतील कुरकुर. पहिल्या मंडळींत रोज वांटणी होत असे. तींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊं लागली व कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनीं ती दाबून टाकिली नाहीं. त्यांनीं मंडळीकडून सात माणसें निवडविलीं. स्तेफन, फिलिप्प आदिकरून त्या सातांचीं नांवें लक्षपूर्वक वाचा. तीं सर्व ग्रीक आहेत. यावरून असें दिसतें कीं, ज्यांच्या विधवा वगळल्या गेल्या, त्यांच्याच माणसांच्या हातीं वांटणी सोंपविली गेली.

२. लंडन व शिकागो. १८८४ सालीं लंडनमधील व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीचे पाळक सॅम्युएल बार्नेट व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनीं टॉयन्बी हॉल हें घर स्थापिलें. अविचारानें भिक्षा घातल्यानें दारिद्र्य हटत नाहीं, असें बार्नेट यांचें मत होतें. म्हणून विद्यापीठांत शिकलेले तरुण तेथें येऊन राहिले व गरिबांचे शेजारी झाले. तें घर पाहून गेलेल्या जेन ॲडम्स बाईंनीं आपल्या मैत्रिणीसह १८८९ सालीं शिकागो येथें हल हाउस उघडलें. तेथें कामकरी आयांच्या मुलांची देखभाल होई. वस्तींतील कचरा नीट उचलला जाईना, तेव्हां १८९५ सालीं बाईंनीं त्या वॉर्डाच्या कचरा-तपासनिसाचें काम पत्करलें व पहाटे उठून गाड्यांच्या मागें फिरूं लागल्या. आजारी मुलास औषध देणें ही दया होय. ज्या घाणीनें तें आजारी पडतें ती दूर करविणें हीही दयाच होय.

३. आपल्या मुंबईंत. अमेरिकन मराठी मिशननें नागपाडा नेबरहुड हाउस उघडलें. त्याचे चालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ड होते. भोंवतीं मुसलमान, यहूदी, हिंदु, ख्रिस्ती असे नाना धर्मांचे लोक दाटीनें राहत. दार सर्वांस उघडें होतें. सेवेच्या मोबदल्यांत कोणाचा धर्म मागितला जात नसे. १९३६ सालीं त्याच ठिकाणीं समाजसेवेचें शिक्षण देणारी शाळा टाटांच्या निधींतून सुरू झाली. तीच पुढें टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली.

४. आपल्या गांवीं. यासाठीं मोठी इमारत नको. प्रार्थनामंदिराची पडवी आठवड्यांतून दोन संध्याकाळीं उघडी ठेवावी. शिधापत्रिकेचा अर्ज लिहून द्यावा. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटण्यापूर्वीं तो कागद वाचून दाखवावा. दुखणाइताबरोबर सरकारी दवाखान्यांत जावें. मुलांस दिव्यापाशीं अभ्यासास बसवावें.

धान्य वांटावयाचें झाल्यास तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, जमाखर्च वहींत लिहून मंडळीस वाचून दाखवावा. परंतु घेणाऱ्यांचीं नांवें चारचौघांत उच्चारूं नयेत. दुसरी, वांटणाऱ्या पंचांत गरीब घरचें एक माणूस, शक्य तर विधवा, असावें. तिसरी, उपासनेस येण्याची किंवा बाप्तिस्म्याची अट कदापि घालूं नये. अमक्यानें पायलीभर ज्वारीसाठीं धर्म सोडला, असें गांव एकदां म्हणूं लागलें, म्हणजे तो टोमणा त्याच्या लेंकरांस जन्मभर ऐकावा लागतो, आणि त्याचा विश्वास खरा असला तरी कोणी तो खरा मानीत नाहीं. उपदेशक बंधूंनो, आपल्या उदारपणानें कोणा भावाची अब्रू जाऊं देऊं नका.

प्रश्न:
१. कुरकुर ऐकून प्रेषितांनीं काय केलें?
२. भिक्षा घालणें व शेजारी होणें यांत भेद काय?
३. आपल्या गांवांत कोणत्या घराची उपेक्षा होत आहे? तेथें या आठवड्यांत कोण जाईल?