दिव्यात तेल आहे का?



दहा कुमारिकांच्या दाखल्यात (मत्तय २५:१-१३) दिवे दहाही जणींजवळ होते. राखीव तेल मात्र पाच जणींजवळच होते. मध्यरात्री ते उसने मिळाले नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले. वीज गेली, लोकल बंद पडल्या. अशा वेळी दुकानही उघडे नसते. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने पुढील वस्तू उंच जागी तयार ठेवाव्यात :

१. पिण्याचे पाणी : माणशी रोज ३ ते ४ लिटर, ३ दिवसांचे.
२. चणे, चिक्की, बिस्किटे. बाळासाठी दूध पावडर.
३. रोजची औषधे, जलसंजीवनी, मलमपट्टी.
४. बॅटरी, जादा सेल, काडेपेटी, शिट्टी.
५. महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती व थोडी रोकड, प्लास्टिकच्या पिशवीत.

पाणी वाढू लागताच मेन स्विच आणि गॅस कोणी बंद करायचा, कोणाच्या माडीवर जायचे, चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, हे आज जेवतानाच ठरवा. फोन नंबर कागदावर लिहा. ११२ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

शहाण्या कुमारिकांना ऐनवेळी तेल वाटून देता आले नाही. आपल्या हाती अजून वेळ आहे. शेजारी एकटी राहणारी आजी, अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांना कोण उचलून आणील? त्यांची नावे आपल्या यादीत आली, तरच आपली तयारी पुरी झाली.