इंजिन तापायलाच हवं

गाडी तापली की माणूस घाबरतो, ती कडेला घेतो, बॉनेट उघडतो. तीच गाडी तापत नसेल तर कुणाला काही वाटत नाही. मला हे दुखणं कळलं ते नाशिकच्या थंडीत. गाडी सेकंडहँड, पेट्रोल-सीएनजी. अशा बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि कूलंट जरा तापल्यावर आपोआप गॅसवर येतात. दाब उतरताना गॅस फार गार होतो, म्हणून रिड्यूसरला ऊब द्यावी लागते आणि ती या कूलंटचीच असते. माझी गाडी डिसेंबरच्या सकाळी सिन्नरची वाट निम्मी सरली तरी पेट्रोलवरच असायची. हीटर कोमट, काचेवरचं धुकं हटता हटत नसे. तापमानाचा काटा मध्यावर येतच नसे आणि कसारा घाट उतरताना आणखी खाली यायचा.

‘थंड राहते ना, मग चांगलंच आहे,’ असं बरेच जण म्हणाले. एका गॅरेजमध्ये प्लग बदलून गॅसचं ट्यूनिंग करायला सांगितलं. कारण कळल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही, हे मी ठरवलं होतं. तुम्हीही तसंच ठरवा.

इंजिन थंड आहे असं दिसलं की त्याचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. ते सगळं जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ज्वलनातली वाफही थंड इंजिनात पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पांढरट थर दिसतो तो यामुळेच. (सोबत कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका.) म्हणजे नुकसान फक्त मायलेजचं नाही, इंजिनाच्या आयुष्याचं आहे. नव्या डिझेल गाड्यांत तर इंजिन पुरेसं तापलं नाही तर धुराच्या फिल्टरमधली काजळी नीट जळत नाही.

आधी हे खरंच दुखणं आहे का ते पाहा. डिझेल इंजिन जागेवर नुसतं चालू ठेवलं तर फार हळू तापतं, आणि त्यात बिघाड काही नसतो. कुठलीही गाडी सुरू करून अर्ध्या मिनिटात हळू चालवायला लागावं. आपल्याकडच्या थंडीत दहा-पंधरा मिनिटं चालवूनही काटा जागेवर येत नसेल तर मात्र शोध सुरू करा.

सुरुवात कूलंटच्या पातळीपासून, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं. पातळी कमी असेल तर सेन्सर हवेच्या पोकळीत अडकतो आणि तापमान कमी दाखवतो. तिकडे इंजिन आतून भाजत असतं. ही शक्यता सगळ्यात धोक्याची, म्हणून तिचा निकाल पहिल्यांदा लावायचा.

मग सेन्सर. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखंच दिसलं पाहिजे. माझ्या गाडीत दोन्ही जुळली, म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. पण हायवेवर कूलंट सत्तर अंशांच्याही खालीच राहत होतं. तिथे ते नव्वदच्या आसपास हवं. काही गाड्यांत याच कारणासाठी पी०१२८ हा कोड येतो.

फॅनही पाहा. एसी बंद आणि इंजिन थंड असताना फॅन फिरायला लागला तर रिले चिकटलेला असतो किंवा कुणी वायर ‘डायरेक्ट’ केलेली असते. माझा फॅन ठीक होता.

उरला थर्मोस्टॅट. त्यातलं मेण तापून फुगलं की झडप उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे जात नाही, इंजिनातच फिरतं. म्हणून थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो. इंजिन बंद करून, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून तो चाचपायचा. माझ्या गाडीचा पाइप पहिल्यापासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत होता. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता!

आधीच्या मालकाकडे गाडी तापत असणार आणि कुणीतरी तो काढून टाकला असणार. ‘आपली हवा गरम, त्याची गरज नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला त्याच्या नेमक्या तापमानावर ठेवतो, बाहेर मे असो की डिसेंबर. उलट बऱ्याच इंजिनांत पूर्ण उघडल्यावर तोच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही गरम कूलंट रेडिएटरकडे न जाताच परत फिरतं आणि चढणीला गाडी जास्तच तापू शकते. मुळातला आजारही तसाच राहतो. माझ्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी निम्म्या बुजलेल्या निघाल्या. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरल्याचा तो परिणाम. म्हणून नुसता थर्मोस्टॅट बसवून भागलं नसतं, रेडिएटरही बदलावा लागला.

थर्मोस्टॅट आपल्या इंजिनाच्या पार्ट नंबरनेच घ्या. उघडण्याचं तापमान त्यावर कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८ अंश. बसवण्याआधी जुन्या पातेल्यात पाणी तापवून, तो दोऱ्याने टांगून आणि थर्मामीटर धरून तो कधी उघडतो ते पाहा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात नको. जुनं कूलंट उघड्यावर सांडू देऊ नका. ते गोडसर लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. इंजिन बरेच दिवस थंड चाललं असेल तर ऑइल आणि फिल्टरही लगेच बदला.

नवीन कूलंट बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात, डिमिनरलाइज्ड पाण्यातच मिसळा आणि भरताना पाइपांतली हवा काढून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी पुन्हा तपासा. उरलेली हवा निघून गेल्यावर ती बहुधा थोडी उतरलेली असते. तेवढी भर घालून झाकण घट्ट लावा.