न दिसणारा घाम : वाळवंटातील हिवाळी सायकलस्वारीचा धडा

"डॉक्टर, थंडीत घाम येत नाही, मग पाणी कशाला प्यायचे?" हा प्रश्न हिवाळ्यात दवाखान्यात हमखास ऐकू येतो. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. परंतु घाम दिसत नाही म्हणजे तो येत नाही, असे नव्हे. या दोन गोष्टींतील फरक मला अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात, ऐन हिवाळ्यात, सायकलवरून हिंडताना फार जवळून पाहावयास मिळाला. तो अनुभव व त्यामागील शरीरशास्त्र आज वाचकांपुढे मांडीत आहे.

२०२३ च्या डिसेंबरात मुलीकडे टूसॉन या शहरी दोन महिने राहण्याचा योग आला. हे शहर सोनोरन वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० फूट उंचीवर वसले आहे. वाळवंट म्हटले की आपल्याला वाळूच्या टेकड्या आठवतात. येथे तसे नाही. खडकाळ डोंगर, मुरमाड जमीन, कोरडे ओढे आणि चाळीस फुटांपर्यंत वाढणारे सवारो जातीचे उंच निवडुंग, असे हे वाळवंट आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. जानेवारीत मात्र दुपारी अठरा-एकोणीस अंश आणि पहाटे चार-पाच अंश सेल्सिअस. त्यामुळे उत्तरेकडील बर्फाळ राज्यांतून व कॅनडातून पुष्कळ मंडळी हिवाळा काढण्यास तेथे येतात आणि डोंगरातील पायवाटांवर जाड टायरच्या सायकली घेऊन फिरतात. शहराच्या पश्चिमेस टूसॉन माउंटन पार्क नावाचे मोठे राखीव रान आहे. तेथे आम्ही पाच-सहा स्नेही आठवड्यातून दोनदा जात असू. वये अडतीस ते चौसष्ट.

मित्राची भरलेली बाटली

एके सकाळी आमच्यातील सर्वांत वडील स्नेही मागे पडू लागले. एरवी गप्पिष्ट असलेले हे गृहस्थ विचारलेल्या प्रश्नाला तुटक उत्तरे देऊ लागले. एका उतारावर त्यांनी ब्रेक उशिरा दाबला आणि सायकल काठावरच्या दगडांपर्यंत गेली. पुढच्या चढावर ते उतरून उभेच राहिले.

"काय होतंय?" मी विचारले.

"काही नाही हो डॉक्टर, जरा डोकं जड झालंय."

अंगातला सदरा कोरडा ठणठणीत होता. पण हेल्मेटच्या पट्ट्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. नाडी जलद चालली होती. खाली बसून उठताच त्यांना भोवळ आली. दोन तास सायकल चालवूनही पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली होती. "तहानच लागली नाही, तर पिऊ कशाला?" असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांना रक्तदाबासाठी रोज एक गोळी असे, आणि ती लघवी वाढवणाऱ्या प्रकारातली होती.

आम्ही त्यांना खडकाच्या सावलीत निजवले, पाय उंचावर ठेवले आणि जवळची जलसंजीवनीची पुडी पाण्यात कालवून घोट घोट पाजली. अर्ध्या-पाऊण तासात ते सावरले. तरीही त्यांना पुन्हा सायकलवर बसू दिले नाही. दोघांनी सोबत करून पायीच रस्त्यापर्यंत आणले. निघण्यापूर्वी व परतल्यावर वजन करण्याची आमची पद्धत होती. सकाळी बहात्तर किलो असलेले वजन, वाटेत पाऊण लिटर पोटात गेल्यानंतरही, साडेसत्तर किलो भरले. म्हणजे दोन लिटरहून अधिक पाणी अंगातून गेले होते आणि सदऱ्यावर ओलावा नव्हता! गोळीबाबत तेथील डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच ते पुन्हा आमच्याबरोबर आले.

असे का होते?

याची कारणे चार आहेत.

पहिले, हवा अतिशय कोरडी असते. घाम कातडीवर येताच उडून जातो. मुंबई-कोकणात घाम निथळतो, कारण तेथील दमट हवा तो शोषून घेत नाही. वाळवंटात घाम कमी येतो असे नाही. तो फक्त दिसत नाही.

दुसरे, श्वास. फुप्फुसांत जाणारी हवा शरीर ओलसर करून घेते आणि उच्छ्वासाबरोबर तो ओलावा बाहेर टाकते. हवा जितकी थंड व कोरडी, आणि श्वास जितका जोराचा, तितके पाणी जास्त जाते.

तिसरे, थंडीमुळे कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात व रक्त शरीराच्या मध्यभागी एकवटते. मेंदूला वाटते, पाणी भरपूर आहे. त्यामुळे तहान मंदावते आणि लघवी मात्र वाढते.

चौथे, वय. साठीनंतर तहानेची जाणीव मुळातच बोथट होते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तोल लवकर ढळतो. मात्र अशी गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. दीर्घ श्रमाचे बेत आखण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी श्रमाची ताकद घटते आणि मन चिडचिडे होऊ लागते. खडकाळ वाटेवर अर्ध्या क्षणाचा उशीर म्हणजे हातपाय मोडण्याचा प्रसंग. आमच्या मित्राचा चुकलेला ब्रेक हा पाण्याच्या कमतरतेचाच एक इशारा होता.

किती प्यावे, काय प्यावे?

दीर्घ श्रमात सर्वसाधारणपणे ताशी चारशे ते आठशे मिलिलिटर पाणी लागते. लहान चणीच्या माणसाला व सावकाश चालवणाऱ्याला कमी, धिप्पाड व जोराने चालवणाऱ्याला जास्त. आपला आकडा आपणच काढावा. फेरीपूर्वी व फेरीनंतर वजन करावे. जितके किलो घटले तितके लिटर पाणी अंदाजे कमी पडले असे समजावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. तो गडद झाला तर पाणी वाढवावे.

उलट टोकही गाठू नये. एका तासात दोन-तीन लिटर निव्वळ पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम उतरते. त्याने मळमळ, डोकेदुखी, भ्रम, क्वचित झटकेही येतात. फेरीनंतर वजन वाढलेले आढळले तर पाणी जास्त झाले असे ओळखावे.

दोन तासांहून मोठ्या फेरीत पाण्याबरोबर थोडे मीठ व साखर जाणे बरे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. मधुमेह, हृदयरोग वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

रोगी असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये.

काटे आणि धूळ

आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतलाच. त्याचा 'चोया' नावाचा एक भाऊबंद या वाळवंटात जागोजागी आढळतो. त्याला नुसता स्पर्श झाला की अख्खे कांडे तुटून अंगाला चिकटते. काट्यांना बारीक उलटी कुसळे असल्याने हाताने ओढू गेल्यास तो हातातच रुततो. तेथील सायकलस्वार खिशात फणी ठेवतात. फणीचे दाते कातडी व कांडे यांच्या मध्ये घालून ते झटक्यात उडवावयाचे, उरलेले काटे चिमट्याने काढावयाचे आणि जखम साबणाने धुवावयाची. काटे मातीने माखलेले असतात. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे.

धुळीची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ॲरिझोना व कॅलिफोर्नियाच्या काही भागांतील मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. तिचे सूक्ष्म बीजकण धुळीबरोबर श्वासात जातात. या रोगाची पहिली नोंद १८९२ साली अर्जेंटिनात झाली. अमेरिकेत त्याला 'व्हॅली फीवर' म्हणतात. निम्म्याहून अधिक लोकांना काहीच त्रास होत नाही. इतरांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, सांधेदुखी व विलक्षण थकवा येतो. बहुतेकांचा आजार आपोआप बरा होतो, काहींना मात्र औषधे द्यावी लागतात. तो एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले तिकडे असतात आणि आईवडील हिवाळ्यात जाऊन येतात. परतल्यावर खोकला व ताप रेंगाळला तर आपल्याकडे प्रथम क्षयाची शंका येते, कारण छातीच्या फोटोतील डाग सारखेच दिसू शकतात. क्षयाची तपासणी अवश्य करावी. पण आपण ॲरिझोनात धुळीत फिरून आलो, एवढे एक वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्ततपासणीने निदानाला मदत होते. ते वाक्य राहून गेले तर महिनोन्महिने भलतेच औषध पोटात जाण्याचा संभव असतो.

फेरीला निघताना

एकट्याने जाऊ नये. हेल्मेट घालावे. कोणत्या वाटेने जाणार व कधी परतणार हे घरी सांगावे. डोंगरांच्या घळीत फोन लागेलच असे नाही. मोठ्या वाऱ्यात, धुळीत फिरणे टाळावे. दोघांनी मागेपुढे अंतर राखावे, म्हणजे पुढच्याची धूळ मागच्याच्या नाकात जात नाही. सूर्य मावळताच कोरडी हवा झपाट्याने गार होते, म्हणून दुपारी निघतानाही एक जाड जाकीट पाठीवर असावे. ऊन सौम्य वाटले तरी मान, कान व हात झाकावेत. आणि गटातील प्रत्येकाने दर वीस मिनिटांनी थांबून दोन-चार घोट प्यावेत, शेजाऱ्याच्या बाटलीकडेही पाहावे. आमच्या गटात त्या दिवसानंतर हा नियमच झाला.

ॲरिझोना दूर आहे; पण पौष-माघात विदर्भ-मराठवाड्यातही कोरडा गार वारा सुटतो. उसाच्या फडात कोयता चालवणारा, हरभरा उपटणारी बाई, सायकलवरून दूध घालणारा गवळी, या सर्वांचा घाम तसाच नकळत उडून जातो आणि तहान तशीच गप्प बसते. त्यांनीही पाण्याचा तांब्या शेजारी ठेवावा व घड्याळ पाहून प्यावे. घरातील म्हाताऱ्या माणसांना तर "तहान लागली का?" असे विचारूच नये, पेला भरून हातात द्यावा.