समुद्रकांठचें साहस व त्याचें शास्त्र

परीक्षा संपून सुटी लागली, कीं घाटावरील मुलांचे डोळे कोकणाकडे लागतात. पूर्वी कोकणांत जाणें म्हणजे आजोळीं जाणें, आंबे-फणस खाणें व सायंकाळीं पुळणीवर शिंपले वेंचणें, एवढाच त्याचा अर्थ असे. अलीकडे त्यांत एका नव्या आकर्षणाची भर पडली आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत, आणि पुढें गोव्याच्या किनाऱ्यावरहि, पाण्याखालीं उतरून माशांचे थवे पाहणें, हवाई छत्रीस बांधून घेऊन नावेमागें आकाशांत उडणें, फुगविलेल्या रबरी नावेवर बसून लाटांवर उसळणें, असे नाना प्रकारचे खेळ सुरू झाले आहेत. सुटीपूर्वी शाळेच्या आवारांत ज्या गप्पा कानीं पडतात, त्यांत याच गोष्टी अधिक असतात.

या खेळांविषयीं वडील माणसांत दोन मतें दिसतात. कोणी म्हणतात, हें जिवावरचें खूळ आहे. मुलांनीं पाण्याच्या वाटेस जाऊंच नये. कोणी म्हणतात, तरुण रक्तास धाडस शोभतें; त्याच्या आड येऊं नये. प्रस्तुत लेखकास हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. समुद्र लहरी आहे असें आपण म्हणतों खरें. परंतु त्याच्या बहुतेक लहरी ठराविक नियमांनीं चालतात, आणि ते नियम आपल्या भूगोलाच्या व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत दिलेले आहेत. ज्यास ते ठाऊक आहेत त्याचें तें साहस. ज्यास ठाऊक नाहींत त्याचा तो जुगार.

हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. ता. 1 फेब्रुवारी 2016 रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरुड येथें पुण्याहून सहलीस आलेले एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी समुद्रांत बुडून मरण पावले. तो पावसाळा नव्हता. महिना फेब्रुवारीचा, म्हणजे आपल्या किनाऱ्यास समुद्र शांत असण्याच्या दिवसांतला. घरून निघतांना त्या मुलांनीं आईबापांस संध्याकाळीं परत येतों असेंच सांगितलें असेल. विद्यार्थिमित्रहो, त्यांचें वय तुमच्या वयाहून फारसें अधिक नव्हतें, हें ध्यानांत ठेवून पुढील चार पाठ वाचा.

पहिला पाठ : भरती आणि ओहोटी

चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणानें समुद्राचें पाणी आपल्या किनाऱ्यावर दिवसांतून दोनदां चढतें व दोनदां उतरतें. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें 12 तास 25 मिनिटें जातात. अमावास्येस व पौर्णिमेस चंद्र व सूर्य एका रेषेंत येऊन त्यांचा जोर एकवटतो, त्या मोठ्या भरतीस उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनांत असल्यानें भरती लहान होते, तिला भांगाची भरती म्हणतात. मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत 4 ते 5 मीटरांचें अंतर पडतें. दक्षिणेस गोव्याकडे तें 2 मीटरांच्या आसपास राहतें.

कोळी लोक व किनाऱ्यावरील जुनीं माणसें भरतीची वेळ घड्याळावांचून सांगतात. त्यांचा हिशेब असा : तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा तास. पंचमीस 5 ची पाऊणपट पावणेचार. म्हणून पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस 6 वाजतां; पौर्णिमेस 15 ची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्णपक्षांत तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजावी. यांत गूढ कांहीं नाहीं. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटें उशिरां उगवतो, व भरतीहि तितकीच मागें पडते. तोंडी हिशेबास सोपें जावें म्हणून जुन्या लोकांनीं पाऊण तास धरला. हा हिशेब मुंबईकडील किनाऱ्याचा व ढोबळ आहे. दक्षिणेस मालवण-गोव्याकडे भरती कांहींशी आधीं येते. यासाठीं छापील कोष्टक किंवा स्थानिक नावाडी यांस विचारणें केव्हांहि चांगलें.

आतां दुसरी गोष्ट. भरतीचें पाणी सहा तास सारख्याच वेगानें चढत नाहीं. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक भाग, असें तें साधारणतः चढतें. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मी भरती येते. एकूण चढ 4 मीटर असेल, तर तिसऱ्या एका तासांत पाणी 1 मीटर उंच होईल. आणि किनारा 50 मीटरांस 1 मीटर इतका सपाट असेल, तर तेवढ्यांत समुद्र 50 मीटर पुढें सरकेल. ओहोटीच्या वेळीं दूरवर चालत गेलेल्यास आपण केव्हां वेढले गेलों हें कळत नाहीं, त्याचें कारण हेंच. हरिहरेश्वर येथें देवळामागील प्रदक्षिणेची वाट समुद्रांतील खडकांवरून जाते. ओहोटीस ती रम्य आहे. भरतीस तेथें येणाऱ्या लाटेनें माणसें ओढून नेलीं आहेत. वाट तीच, खडक तेच; फरक फक्त तासांचा.

दुसरा पाठ : परतीचा प्रवाह

लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात, तें कोठून तरी परत गेलेंच पाहिजे. पाण्याखालील वाळूच्या बांधांत जेथें खिंड असते, तेथून तें एकवटून समुद्राकडे धांवतें. यास रिप करंट म्हणतात. आपण त्यास परतीचा प्रवाह म्हणूं. याचा वेग जोरांत असतां सेकंदास 2 मीटरांहूनहि अधिक भरतो. 100 मीटरांची शर्यत जिंकणारा जगांतील उत्तम पोहणारासुद्धां फार तर तेवढ्याच वेगानें, आणि तोहि मिनिटभरच, पोहूं शकतो. मग आपली काय कथा?

या प्रवाहाची फसवी गोष्ट अशी, कीं जेथें तो असतो तेथें लाटा कमी फुटतात. नवख्यास तीच जागा शांत व पोहण्यास योग्य वाटते! म्हणून पाण्यांत शिरण्यापूर्वीं दहा मिनिटें उभें राहून समुद्र पाहावा. दोन्ही बाजूंस पांढऱ्या लाटा फुटत आहेत व मध्यें एक पट्टा गडद किंवा गढूळ दिसतो, फेंस उलट समुद्राकडे चालला आहे, असें दिसल्यास तेथें उतरूं नये.

त्यांत सांपडल्यास काय करावें? हा प्रवाह माणसास खालीं ओढीत नाहीं, बाहेर नेतो. आणि तो रुंदीनें अरुंद असतो. माणूस मरतो तो बहुधा त्याच्याशीं झुंजून थकल्यामुळें. यासाठीं किनाऱ्याकडे सरळ न पोहतां किनाऱ्याशीं समांतर, म्हणजे आडवें, पोहत जावें. प्रवाहाबाहेर पडल्यावर मग लाटांच्या साह्यानें तिरपें परत यावें. तितकी शक्ति नसेल तर उताणें तरंगत राहून हात वर करावा. आणि मित्र बुडतो असें दिसल्यास त्याच्यामागें उडी टाकूं नये. दोरी, रिकामा डबा, चेंडू, जें तरंगेल तें फेंकावें, जीवरक्षकास हांक मारावी व 112 या क्रमांकावर कळवावें. एकास वाचवितांना दुसरा बुडाला, अशा बातम्या आपण वारंवार वाचतों.

तिसरा पाठ : पाण्याखालचें जग

मालवणचें नांव घेतांच आपणांस सिंधुदुर्ग आठवतो. 1664 मध्यें कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं त्याचें काम आरंभिलें. त्याच किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यांत प्रवाळ व रंगीबेरंगी मासे आहेत, व 1987 मध्यें येथील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. हल्लीं पाठीवर हवेची नळकांडी बांधून, वाटाड्यासह, तेथें खालीं उतरतां येतें. या स्वयंपूर्ण श्वसनयंत्राचा शोध 1943 मध्यें फ्रान्समध्यें झाक् कूस्तो व एमील गान्यां यांनीं लाविला. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विद्येचें शिक्षण देणारी संस्था आहे.

येथें बॉइलचा नियम उपयोगी पडतो. समुद्रांत दर 10 मीटर खोलीस एक वातावरणाचा दाब वाढतो. आणि दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें. पृष्ठभागावर एक वातावरण, 10 मीटरांवर दोन, 20 मीटरांवर तीन. म्हणजे पहिल्या 10 मीटरांत दाब दुप्पट होतो, पण पुढील 10 मीटरांत दीडपटच. यावरून असें दिसेल, कीं सर्वांत मोठा बदल उथळ पाण्यांतच होतो, आणि ‘फार खोल जाणार नाहीं, मग कसली भीति?’ हा विचार चुकीचा आहे.

समजा, 10 मीटरांवर कोणीं नळकांडींतील 6 लिटर हवा छातींत भरून घेतली व घाबरून श्वास कोंडून तो वर आला. पृष्ठभागावर त्याच हवेस 12 लिटर जागा लागेल. तेवढी जागा फुफ्फुसांत नाहीं; तीं फाटतात. म्हणून पाण्याखालील पहिला नियम असा : श्वास कधींहि कोंडूं नये, आणि वर येतांना सावकाश यावें. उतरतांना कानांत दुखूं लागल्यास नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें. तरीहि न थांबल्यास खुणेनें सांगून वर यावें. सर्दी झाली असतां उतरूंच नये. दमा, हृद्रोग किंवा फीट येण्याचा विकार असल्यास तो लपवूं नये. ही विचारपूस करीत नाहीं असा वाटाड्या स्वस्त असला तरी सोडून द्यावा. प्रवाळास हात लावूं नये, हें निराळें सांगावयास नको. बोटभर वाढण्यास त्यास वर्षें लागतात.

चौथा पाठ : वारा आणि नाव

हवाई छत्रीचा खेळ दिसतो भयंकर, पण त्याचें तत्त्व पतंगाचें आहे. नाव ओढते, हवा छत्रीवर आपटते व माणूस वर उचलला जातो. नावेचा वेग कमी केला कीं तो खालीं येतो. धोका असतो तो वाऱ्याचा. हवेचा जोर तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वारा दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. म्हणून वाऱ्याचे झोत येत असतां, किंवा आकाशांत ढग दाटले असतां, पैसे भरले आहेत एवढ्यासाठीं कोणी वर जाऊं नये.

नावेंत बसण्याचा नियमहि असाच साधा आहे. ता. 24 मे 2022 रोजीं तारकर्ली येथें 20 पर्यटकांची नाव उलटून दोघे मृत्यु पावले. तरंगते जाकीट अंगांत असावें व त्याचे सर्व पट्टे आवळलेले असावेत. मनुष्याचें शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचें आहे. त्यामुळें डोकें पाण्यावर ठेवण्यास आर्किमिडीजच्या नियमानें थोडीशी उचल पुरते, आणि तेवढें काम जाकीट बिनचूक करितें. परंतु पट्टे सैल असतील, तर जाकीट वर सरकतें आणि माणूस खालीं जातो. पावसाळ्यांत, म्हणजे मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, हे खेळ बंद ठेवितात. त्या काळांत कोणी चोरून नेऊं म्हणेल तर जाऊं नये.

आतां थोडें पालकांस. मुलांस पाण्यापासून कायमचें दूर ठेवण्यानें तीं सुरक्षित होत नाहींत. तीं केवळ अजाण राहतात, आणि एके दिवशीं मित्रांच्या संगतींत पाण्यांत उतरतात. त्यापेक्षां त्यांस लहानपणींच तलावांत किंवा विहिरींत जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं पोहावयास शिकवावें. खरें साहस कसें असतें, याचें एक उदाहरण देतों. कलकत्त्याच्या आरती साहा यांनीं 1959 च्या ऑगस्टमध्यें इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा प्रयत्न केला. अनेक तास पोहल्यावर उलट प्रवाहामुळें त्यांस तो सोडावा लागला. त्या परतल्या, पुन्हा तयारी केली, आणि ता. 29 सप्टेंबर 1959 रोजीं 16 तास 20 मिनिटांत फ्रान्सहून इंग्लंडचा किनारा गांठला. त्या वेळीं त्यांचें वय 19 वर्षांचें होतें, आणि खाडी पोहून जाणाऱ्या त्या आशियांतील पहिल्या स्त्री ठरल्या. पहिल्या खेपेस त्या पाण्यांतून बाहेर निघाल्या, म्हणूनच दुसरी खेप शक्य झाली.

शेवटीं सुटींतील अभ्यासासाठीं दोन प्रश्न देतों. एक : कृष्ण दशमीस सकाळीं 8 वाजतां हरिहरेश्वराच्या खडकांवर उतरावें काय? नसल्यास सुमारें किती वाजतां उतरावें? दुसरा : पृष्ठभागावर 12 लिटर भरणारी हवा 20 मीटर खोलीवर किती लिटर होईल? दोहोंचीं उत्तरें या लेखांतूनच काढतां येतील. जीं मुलें या सुटींत समुद्रावर जाणार असतील, त्यांनीं सामान बांधण्यापूर्वीं तीं काढून घरांतील वडील माणसांस दाखवावीं, आणि मग आनंदानें जावें.