संगणकाचा मदरबोर्ड आणि योग्य चिपसेट ड्रायव्हर

2011 साली राज्यात ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत संगणक आला. पुढे 2016 साली मेळघाटातील हरिसाल ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. आज अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खेड्यांत दाखल्यासाठी आलेला शेतकरी अथवा विद्यार्थी यंत्रापाशीच येऊन थांबतो. ते बंद पडल्यास त्याचा दिवस व मजुरी दोन्ही बुडतात. म्हणून यंत्राची किमान ओळख संबंधितांना असणे अगत्याचे आहे.

मदरबोर्ड हा संगणकाचा मुख्य फलक होय. त्यावरील चिपसेट प्रोसेसर आणि यूएसबी, डिस्क, नेटवर्क यांच्यामध्ये निरोपांची ने-आण करतो. चावडीवरील कोतवालाचेच हे काम. या कोतवालाची भाषा विंडोजला समजावी म्हणून ड्रायव्हर लागतो. विंडोज नव्याने घातल्यावर बोटांचे ठसे घेणारे यंत्र वा प्रिंटर ओळखला जात नसेल, तर ते यंत्र बिघडले असे लगेच मानू नये. कित्येकदा चिपसेटचा ड्रायव्हरच नसतो.

प्रथम फलक ओळखावा. तयार संगणकाच्या पाठीवर मॉडेल क्रमांक असतो. जुळवून घेतलेल्या संगणकात ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘बेसबोर्ड’च्या ओळी वाचाव्यात. त्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’ पाहावा. तेथे पिवळी खूण असलेल्या घटकाच्या ‘हार्डवेअर आयडी’मध्ये 8086 हा उत्पादक क्रमांक असल्यास तो इंटेलचा, 1022 असल्यास एएमडीचा समजावा. इंटेलच्या 1978 च्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही 8086 हेच होते. त्यामुळे हा क्रमांक लक्षात ठेवणे सोपे जाते.

ड्रायव्हर संगणक वा फलक बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि 32 की 64 बिट या तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. ‘सर्व ड्रायव्हर मोफत’ अशा जाहिरातींना भुलू नये. त्यांतून घातक प्रोग्राम शिरण्याचा धोका असतो. इंटरनेटच चालत नसल्यास दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हने फाइल आणावी.

बसविण्यापूर्वी कार्यालयीन नोंदींची प्रत अन्यत्र ठेवावी व ‘रिस्टोअर पॉइंट’ करावा. आधी चिपसेट, मग नेटवर्क, ग्राफिक्स व ध्वनी हा क्रम सोयीचा. शेवटी संगणक पुन्हा सुरू करून पिवळी खूण गेली की नाही, ते तपासावे. खूण मुळातच नसेल व काम सुरळीत चालत असेल, तर उगाच बदल करू नये. बायोस अद्ययावत करणे हे निराळे काम असून, ते चालू असता वीज गेल्यास फलकच निकामी होऊ शकतो. ते तंत्रज्ञावर सोपवावे.

फलकाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती व तारीख यांची नोंद कार्यालयाच्या वहीत करून ठेवावी. कर्मचाऱ्याची बदली झाली तरी वही तेथेच राहते, आणि पुढच्या वेळी दाराशी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.